पोट्टं वांड नाही

आमच्या रिद्धपूरकडे वर्गात टिकून न बसणाऱ्या पोरावर एकच शिक्का बसतो: "पोट्टं लय वांड हाय." माझ्या लेकाचंही तेच. वजाबाकीचं चिन्ह नीट पाहायच्या आधीच बेरीज करून मोकळा! खोडरबर तर रोज शाळेतच मुक्कामी.

पण हा वांडपणाच असेल असं नाही, एडीएचडीही असू शकतं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्याची, स्वतःला आवरण्याची मेंदूची अडचण. लाडानं होत नाही, मारानं जात नाही. लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासूनची, किमान 6 महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. एकाच सरांच्या तासाला पोरगं बिथरत असेल, तर कारण दुसरंच शोधा बुवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडीची तपासणी आहे. शाळेत येणाऱ्या पथकाला स्पष्ट सांगा. पुढची सोय जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. गोळ्या द्यायच्या की नाही, ते डॉक्टर ठरवतील, शेजारची काकू नाही.

2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी वेगळं नाही, अध्ययन अक्षमता मात्र आहे. दोन्ही पुष्कळदा जोडीनं येतात, म्हणून दोन्ही तपासून घ्या. परीक्षेतल्या सवलतींचा प्रश्न या अक्षमतेच्या बाबतीत येतो.

बाईंकडे तक्रार घेऊन नाही, मागणी घेऊन जा. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: पहिला बाक, खिडकीपासून लांब, आणि पाच गणितं झाली की एक काम. आता खडू आणायला, फळा पुसायला तोच उठतो. परवा वहीत पाचही वजाबाक्या बरोबर होत्या. खोडरबर अजून शाळेतच आहे.