यकृताची ‘माती’ आणि कर्करोगाचे ‘बीज’

फुफ्फुसाचा कर्करोग मेंदू, हाडे आणि यकृत या अवयवांत पसरण्याची शक्यता अधिक असते. त्यातील यकृताला आधीच हिपॅटायटिस-बी किंवा सी विषाणूचा संसर्ग झालेला असेल तर काय घडते? भारतात हा प्रश्न गौण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस-बीचा आणि ५५ लाखांना हिपॅटायटिस-सीचा दीर्घकालीन संसर्ग होता.

कर्करोगाच्या पेशी बीजासारख्या सर्वत्र विखुरतात, पण अनुकूल ‘माती’ मिळेल तेथेच रुजतात, असा सिद्धांत इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला. फुफ्फुसातून सुटलेल्या पेशी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्तावाटे यकृतात पोहोचतात. तेथील सूक्ष्म वाहिन्यांत रक्तप्रवाह संथ असल्याने त्यांना थांबायला वाव मिळतो.

विषाणूमुळे ही ‘माती’च बदलते. यकृतात प्रतिकारक पेशींची गर्दी होते, तंतुमय ऊती वाढतात, रक्तप्रवाहाची घडी विस्कटते. सिऱ्हॉसिस झालेल्या यकृतात अन्य अवयवांचा कर्करोग क्वचितच रुजतो, असे शवविच्छेदनांत पूर्वीच आढळले होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत अनेक अभ्यासांतून असेच चित्र दिसले. उलटपक्षी, दीर्घकाळचा दाह पेशींना रुजण्यास साहाय्यभूत ठरू शकतो, असेही एक मत आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. त्यामुळे संसर्ग हे ‘संरक्षण’ मानणे धोक्याचे ठरेल.

रुग्णाच्या दृष्टीने दोन गोष्टी मात्र निश्चित आहेत. पहिली निदानाची. हे विषाणू स्वतःच यकृताचा कर्करोग निर्माण करू शकतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या यकृतात गाठ दिसली, तर ती फुफ्फुसातूनच आली असे गृहीत धरता येत नाही. दोन्हींचे उपचार भिन्न असल्याने प्रसंगी गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट उपचारांची. केमोथेरपी किंवा स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की सुप्त हिपॅटायटिस-बी उसळी घेऊ शकतो. तीव्र कावीळ होते, कर्करोगाचे उपचार थांबवावे लागतात आणि यकृत निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. हे बहुतांशी टाळता येते. म्हणूनच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेने २०२० मध्ये, औषधोपचार सुरू होणाऱ्या प्रत्येक कर्करुग्णाची हिपॅटायटिस-बीसाठी रक्ततपासणी करण्याची शिफारस केली. संसर्ग आढळल्यास एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर या गोळ्यांनी विषाणूला आवर घालता येतो. हिपॅटायटिस-सी तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांमध्ये पूर्ण बरा होतो.

भारतात २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. पूर्वी कधी कावीळ झाली नसली, तरी संसर्ग नाही असे समजू नये. तो वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतो. केमोथेरपीच्या पहिल्या सलाइनपूर्वी ही साधी रक्ततपासणी झाली आहे ना, याची विचारणा रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांकडे अवश्य करावी.