मधोमध घर घेतले की झाले?

पती आणि पत्नी यांच्या नोकऱ्यांची ठिकाणे एकमेकांपासून लांब असली की घर दोहोंच्या मधोमध घ्यावे, म्हणजे कोणा एकावर अन्याय होत नाही आणि जाण्यायेण्याचा एकूण त्रासही कमी होतो, हा सल्ला नाशिकमध्ये नातेवाईक देतात, इस्टेट एजंट देतात आणि लग्न जुळवणारे मध्यस्थ तर पहिल्या बैठकीतच देऊन मोकळे होतात. या सल्ल्यात दोन वेगळी विधाने एकत्र कालवलेली आहेत. मधोमध राहिल्याने त्रास समान वाटला जातो हे पहिले विधान, आणि त्यामुळे तो घटतो हे दुसरे. पहिले निदान किलोमीटरपुरते खरे आहे. दुसरे चूक आहे, आणि ती चूक दाखवण्यास प्राथमिक शाळेतील अंकगणित पुरेसे असूनही लाखो रुपयांचे गृहकर्ज तिच्यावर विसंबून काढले जाते, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

नाशिकमध्ये हा प्रश्न वारंवार उद्भवतो, कारण येथील रोजगार एका जागी एकवटलेला नाही. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती शहराच्या पश्चिम अंगाला, चलनी नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने आग्नेयेकडे नाशिकरोडला, १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आग्रा रस्त्यावर ओझरला, आणि मुसळगाव-माळेगावचे कारखाने पुणे रस्त्यावर सिन्नरला, अशी ही विखुरलेली मांडणी आहे. पती सिन्नरच्या कारखान्यात आणि पत्नी ओझरला, असे एक कल्पित जोडपे उदाहरणादाखल घेतल्यास दोन ठिकाणांमधील रस्ता ढोबळमानाने ५० किलोमीटरचा भरतो. हे जोडपे ओझरला राहिले तर पत्नीला शून्य आणि पतीला ५० किलोमीटर पडतात. नाशिकरोडला राहिले तर पतीला सुमारे २२ आणि पत्नीला २८. द्वारका चौकाजवळ राहिले तर आकडे पुन्हा बदलतात, परंतु बेरीज प्रत्येक वेळी ५०च येते. घर रस्त्यावरून एक किलोमीटर सिन्नरकडे सरकवले की एकाचा किलोमीटर वाचतो आणि दुसऱ्याचा वाढतो. मधोमध असण्याला या बेरजेत कोणतेही विशेष स्थान नाही. बेरीज वाढते ती मात्र रस्ता सोडून आत गेल्यावर: ‘दोघांनाही बरे’ म्हणून गंगापूर रस्त्याला सदनिका घेणाऱ्या या जोडप्याने दोघांचेही अंतर वाढवून ठेवलेले असते.

इथवरचा हिशोब दोघांच्या फेऱ्या सारख्याच आहेत असे धरून झाला, आणि प्रत्यक्षात त्या क्वचितच सारख्या असतात. पती आठवड्यातून सहा दिवस कामावर जातो आणि पत्नी तीन दिवस जाऊन उरलेले दिवस घरून काम करते असे मानले, तर मधोमध राहिल्यास दोघांचा आठवड्याचा प्रवास ४५० किलोमीटर होतो, ओझरला राहिल्यास ६०० आणि सिन्नरला राहिल्यास केवळ ३००. म्हणजे फेऱ्या विषम होताच सर्वांत कमी प्रवासाची जागा मध्यापासून थोडीशी सरकत नाही, ती थेट एका टोकाला जाऊन बसते. ‘तिच्या तीन दिवसांना अर्धे वजन द्या आणि घर थोडे सिन्नरकडे घ्या’ असा तडजोडीचा सूर येथे हमखास लागतो, पण गणिताला तडजोड ठाऊक नसते.

हे सिद्ध करण्यासाठी एक फळी, दोन दोऱ्या आणि साखरेच्या पिशव्या पुरतात. फळीला दोन भोके पाडून त्यांतून दोऱ्या खाली सोडाव्यात, वरच्या बाजूला त्यांची एकमेकींशी गाठ मारावी आणि खालच्या टोकांना एकेक किलोची पिशवी बांधावी. गाठ दोन भोकांमध्ये जिथे ठेवाल तिथे थांबते. एका बाजूची पिशवी दोन किलोची केली की गाठ घसरत जाऊन त्याच बाजूच्या भोकाशी अडकते. अशा भोके पाडलेल्या फळीला व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाचे नाव दिले जाते, आणि कारखाना कुठे काढावा या प्रश्नावर आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार कच्चा माल आणि बाजारपेठ यांना लावलेला आहे. ज्या तत्त्वावर कारखानदार जागा निवडतो त्याच तत्त्वावर कामगाराने घर निवडण्यात वावगे काही नाही.

किलोमीटर मोजण्याची सवय सोडून घड्याळ आणि वेळापत्रक हाती घेतले की मधोमध या शब्दाची उरलीसुरली अब्रूही जाते. पती मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आणि पत्नी नाशिकरोडला नोकरी करते असे मानल्यास लोहमार्गाने हे अंतर सुमारे १८८ किलोमीटर आहे आणि त्याचा मध्य शहापूर तालुक्यातील आटगाव स्थानकाच्या आसपास येतो. आटगावहून मुंबईकडे लोकल मिळते. नाशिककडे जाणारी लोकल मात्र कसाऱ्याला संपते, आणि तेथून पुढे थळ घाट सुरू होतो, जो चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. पंचवटी एक्स्प्रेस आटगावला थांबत नाही. मध्यावर राहणाऱ्या या जोडप्यातील पत्नीला रोज लोकलने कसारा गाठून पुढे शेअर टॅक्सीने घाट चढावा लागेल, तर तिच्यापेक्षा दुप्पट अंतर असलेला नाशिकरोडचा पासधारक सकाळी सातच्या सुमारास पंचवटीत आपल्या जागेवर बसून डुलकी घेत असेल. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेल्या या गाडीभोवती नाशिक-मुंबई अप-डाऊन करणाऱ्यांची एक अख्खी पिढी उभी राहिली, आणि तिच्यातील कोणी मध्य गाठायचा म्हणून आटगावला बिऱ्हाड केल्यास शेजारच्या आसनावरचे लोक त्याची प्रकृती विचारतील. प्रवासात खरा त्रास असतो तो गाड्या बदलण्याचा आणि पुढचे वाहन मिळेल की नाही या अनिश्चिततेचा. ही गोष्ट नकाशावरील पट्टीने मोजता येत नाही.

मधोमधच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र खरा आहे, आणि तो मांडला नाही तर हे विवेचन एकांगी ठरेल. प्रवासाचा थकवा अंतराच्या प्रमाणात वाढतो असेच काही नाही. दोन तासांचा प्रवास एक तासाच्या प्रवासापेक्षा दुपटीहून अधिक थकवत असेल, तर एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला शून्य अशा वाटणीपेक्षा निम्मी-निम्मी वाटणी श्रेयस्कर ठरते. थकवा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे समजा मानले, तर ५० आणि शून्य या वाटणीचा भार २५०० येतो आणि २५ अधिक २५चा १२५०, म्हणजे थेट निम्मा. दुचाकीवरून पुणे रस्त्याने फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्याच्या बाबतीत हे गृहीतक पटण्याजोगे आहे, तर कंपनीच्या बसमध्ये झोपून जाणाऱ्याच्या बाबतीत ते लंगडे पडते. तेव्हा मधोमध घर घेण्याचा निर्णय चुकीचाच असतो असे नव्हे. तो कशामुळे बरोबर ठरतो हे न तपासता घेणे चुकीचे आहे.

या सगळ्यावर मात करणारा तिसरा बिंदू बहुतेक हिशोबांत विसरला जातो. मुलाची शाळा, पाळणाघर किंवा मुलाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे घर हा तो बिंदू. तीन ठिकाणे एकाच रस्त्यावर असतील आणि तिन्हींकडच्या फेऱ्या सारख्या असतील, तर सर्वांत कमी प्रवासाचे घर मधल्या ठिकाणी असते, मग टोकाची दोन ठिकाणे कितीही लांब असोत. संख्याशास्त्रात याला मध्यका म्हणतात, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य, आणि ते सरासरीपेक्षा निराळे असते. वरच्या जोडप्याच्या मुलाला आठवड्यातून पाच दिवस नाशिकरोडच्या शाळेत पोचवून आणायचे असेल, तर सिन्नरला राहिल्याने ३०० नव्हे, ५२० किलोमीटर पडतात आणि नाशिकरोडला राहिल्याने ४३२. ‘बघा, शेवटी मधोमधच आले’ असे म्हणण्याची घाई करणाऱ्याने शाळा ओझरला हलवून हिशोब पुन्हा करावा. तेव्हा उत्तर ओझर येते, कारण पत्नीच्या तीन आणि शाळेच्या पाच मिळून आठ फेऱ्या पतीच्या सहांना भारी पडतात. कोणाचीही नोकरी बदललेली नसते, तरी बालवाडीचा एक प्रवेश घराला पन्नास किलोमीटर ओढून नेतो.

उरलेले गैरसमज यामानाने लहान आहेत, पण चिवट आहेत.

घर कुठे असावे हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार पतीचा असतो, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते, आणि ती अगदी निराधार नाही, कारण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९७७ साली कैलाशवती खटल्यात तसाच कौल दिला होता. परंतु पुढच्याच वर्षी स्वराज गर्ग खटल्यात, जिथे पत्नी पंजाबातील सुनाम येथे शिक्षिका होती आणि पती दिल्लीत होता, दिल्ली उच्च न्यायालयाने नेमके उलट सांगितले: पत्नीही कमावती असताना वैवाहिक घराची जागा एकट्या पतीने ठरवावी असा कोणताही नियम हिंदू कायद्यात नाही, ती दोघांनी मिळून ठरवावी.

सरकारी नोकरीत पती-पत्नीला एका ठिकाणी नेमणूक मिळणे हा हक्क आहे, हेही खरे नाही. शक्यतो एकत्र नेमावे असे शासनाचे धोरण आहे, पण बँक ऑफ इंडिया विरुद्ध जगजितसिंग मेहता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला हक्काचे स्वरूप नाकारले. धोरणाने दिलेली संधी मात्र नाकारू नये.

ज्याचा पगार कमी त्याने लांब जावे, हा तर हिशोब नसून सवय आहे, आणि ‘ज्याचा’ ऐवजी बहुतेक वेळा ‘जिचा’ वाचावे लागते. स्त्रिया घराजवळ काम का करतात यावर जॅनिस मॅडन यांनी १९८१ साली लिहिलेल्या निबंधापासून संशोधक एक गोष्ट दाखवत आले आहेत, ती अशी की घरकामाची जबाबदारी अंगावर असणाऱ्या व्यक्तीचा नोकरी शोधण्याचा परीघच आखडतो. तिला लांब पाठवले तर बहुधा अंतर टिकत नाही, नोकरी सुटते.

रोजच्या प्रवासाची सवय होते, असे म्हणतात. श्टुट्झर आणि फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली जर्मनीतील माहितीवरून दाखवले की लांबून येणाऱ्यांचे समाधान कमी असते आणि जास्त पगार किंवा स्वस्त घर ती तूट भरून काढत नाही.

समृद्धी महामार्गामुळे मुंबई नाशिकच्या दारात आली, हे वाक्य जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून प्रत्येक गृहप्रकल्पाच्या पत्रकावर दिसते. आमणे भिवंडीजवळ आहे, मुंबईत नाही. नाशिककराला इगतपुरीपर्यंत जुन्याच महामार्गाने जावे लागते, टोल वेगळा, आणि दुचाकीला या रस्त्यावर प्रवेशच नाही.

मेट्रो निओवर भरवसा ठेवून घर निवडलेल्यांबद्दल काय लिहावे. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रबरी टायरच्या या विद्युत बससदृश मेट्रोसाठी २०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती; त्याच वर्षीच्या जुलैपासून शहरात प्रत्यक्षात धावू लागली ती महापालिकेची सिटीलिंक बस. नाशिक-पुणे थेट लोहमार्गाचीही तीच गत: नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे त्याचा मार्ग बदलण्याची वेळ आली. घर आज धावणाऱ्या गाडीच्या वेळापत्रकावर निवडायचे असते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत ‘तीस किलोमीटरच्या आत म्हणजे एकत्रच’ असे मानण्याची प्रथा आहे. तिचा उगम बदल्यांच्या नियमात आहे: पती-पत्नीच्या शाळांमधील अंतर ३० किलोमीटरपेक्षा अधिक असल्यास पती-पत्नी एकत्रीकरणाच्या प्रवर्गातून बदली मागता येते. ही प्रशासनाच्या सोयीची रेषा आहे. संसारासाठी सोसवेल इतके अंतर कोणीतरी मोजून ठरवले आहे असा तिचा अर्थ नव्हे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील घाटरस्त्यांवर पावसाळ्यात २८ किलोमीटर जाण्यास जो वेळ लागतो त्यात ओझरहून द्वारका गाठून परत येता येते, आणि हे २८ किलोमीटर नियमाच्या दृष्टीने अंतरच नव्हे.