साथीचे दिवस आणि कारखानदाराचें दान

आपल्या होळीहून रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस गेलें, म्हणजे गोखिवरे व वालीव येथील कारखान्यांच्या वसाहती लागतात. वसईंतील कितीएक घरांची चूल त्यांवर पेटते. तेव्हां रोगाची साथ आली असतां कारखानदारानें समाजासाठीं काय करावें, हा प्रश्न विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस परका वाटूं नये.

1896 सालीं मुंबईंत मांडवी भागीं ग्रंथिज्वर उद्भवला. तो प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे गोमंतकीय होते. गिरण्यांतील कामकरी भयानें गांवोगांव निघून गेले. तेव्हां एरवीं महिन्याची मजुरी उशिरानें देणारे मालक उरलेल्यांस रोजच्या रोज पैसे मोजूं लागले. यांत दयेपेक्षां गरज अधिक होती, असें आम्हांस वाटतें.

आज दानास कायद्याचें बंधन आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचें 135 वें कलम 1 एप्रिल 2014 पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल 1000 कोटी रुपये, किंवा नक्त मूल्य 500 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी अथवा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं निदान शेंकडा 2 समाजकार्यीं खर्चावे, व त्यांत आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा. (वालीवच्या लहानसहान कारखान्यांस अर्थातच हा नियम लागू पडत नाहीं.)

2020 सालीं कोरोना आला आणि या पैशाची वाट बदलली. कोरोनानिवारणाचा खर्च या हिशेबीं धरला जाईल, असें केंद्र सरकारनें 23 मार्च रोजीं कळविलें. 28 मार्चला पीएम केअर्स निधि जाहीर झाला व त्यास दिलेली देणगीही ग्राह्य ठरली. त्याच दिवशीं टाटा ट्रस्ट्स व टाटा सन्स यांनीं मिळून 1500 कोटी रुपये देऊं केले. पुढें 10 एप्रिलला खुलासा झाला, कीं राज्याच्या आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणास दिलेलें चालेल, मुख्यमंत्र्यांच्या निधीस दिलेलें चालणार नाहीं! परिसरास अग्रक्रम द्या म्हणणाऱ्या कायद्यास हें कितपत शोभतें, हें वाचकांनींच ठरवावें.

त्याच खुलाशांतील दुसरी गोष्ट मात्र आम्हांस फार मोलाची वाटते. टाळेबंदींत कामगारांस दिलेलें नेहमींचें वेतन समाजकार्य म्हणून दाखवितां येणार नाहीं. तें मालकाचें कर्तव्यच होय, असें सरकारनें स्पष्ट सांगितलें. रोजंदारीच्या व हंगामी मजुरांस वेतनावर जें विशेष साहाय्य दिलें जाईल, तेवढेंच एकवार धरण्याची मुभा दिली. कामगाराचें घेणें दान म्हणून मिरविण्याची वाट त्यामुळें बंद झाली.

एरवीं या पैशांत शिक्षणाचा वांटा सर्वांत मोठा असे. 2020-21 मध्यें आरोग्याचा खर्च त्याच्या पुढें गेला. खाटा व प्राणवायु हवेच होते, त्यांस कोण नको म्हणेल? पण शाळा बंद, मुलें घरीं कोंडलेलीं, आणि कित्येकांच्या घरीं धड्यांपुरता मोबाईलही नाहीं, अशा वेळीं शिक्षणाचा वांटा उणा व्हावा, हें आम्हां शिक्षकांस बोंचल्याशिवाय राहत नाहीं.

गणिताच्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक ध्यानीं घ्यावें. सरासरी मागील तीन वर्षांची असल्यामुळें साथीच्या वर्षीं तोटा झाला, तरी त्या वर्षाचें देणें चुकत नाहीं. उलट त्या मंद वर्षाचा भार पुढील तीन वर्षांच्या सरासरीवर पडतो, म्हणजे साथ ओसरल्यावर हात आंखडतो. आपल्या कंपनीनें हा पैसा कोठें खर्चिला, हें पालकांस पाहतां येतें. वार्षिक अहवालांत त्याचें निवेदन जोडणें अशा कंपनीस कायद्यानें आवश्यक आहे.