नांव एक, घराणीं दोन

आपल्या महाराष्ट्रांत वडगांव ह्या नांवाचीं गांवें कितीतरी आहेत. पत्रावर नुसतें ‘वडगांव’ एवढेंच लिहून तें टपालपेटींत टाकलें, तर तें योग्य घरीं पोहोंचेल असा भरंवसा कोणीहि देणार नाहीं. म्हणून आपण तालुका लिहितों, जिल्हा लिहितों. त्यामुळें गांवाचें नांव न बदलतां तें नेमकें कोणतें गांव हें ठरतें. संगणकासाठीं लिहिलेल्या मजकुरांतहि हीच अडचण उत्पन्न होते, आणि तिचें निवारणहि ह्याच रीतीनें केलेलें आहे. हल्लीं शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी प्रोग्रॅम लिहावयास शिकतात. त्यांस व त्यांच्या पालकांस ह्या विषयाची ओळख व्हावी, एवढ्याचकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों.

एक्सएमएल ही मजकूर लिहिण्याची एक शिस्त आहे. तिच्यांत मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आरंभीं व शेवटीं कोनी कंसांत त्या भागाचें नांव घालतात. ह्या खुणेस टॅग म्हणतात, आणि दोन खुणांमधील भागास आपण घटक म्हणूं. वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेनें ही शिस्त १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध केली. घटकांस नांवें कोणतीं द्यावीं, हें लिहिणाऱ्याच्या इच्छेवर सोंपविलेलें आहे. देवनागरी अक्षरांत दिलेलें नांवहि चालतें. परंतु नांव ठेवण्याची मोकळीक जेथें सर्वांसच आहे, तेथें दोघांनीं एकच नांव निवडण्याचा संभव हा आलाच.

ह्याचें एक खरें उदाहरण घेऊं. संकेतस्थळाचें पान एक्सएमएलच्या शिस्तींत लिहिण्याच्या पद्धतीस एक्सएचटीएमएल म्हणतात, व त्याच शिस्तींत रेखाचित्र लिहिण्याच्या पद्धतीस एसव्हीजी म्हणतात. दोहोंतहि ‘टायटल’ नांवाचा घटक आहे. पानाचें टायटल म्हणजे त्या संपूर्ण पानाचें शीर्षक. चित्राचें टायटल म्हणजे त्या एका चित्राचें नांव. हें दुसरें नांव क्षुल्लक समजूं नये. अंध वाचकास पान वाचून दाखविणारा प्रोग्रॅम चित्राची ओळख करून देतांना ह्याच नांवाचा आधार घेतो. ज्या चित्रास नांवच दिलेलें नाहीं, त्यांत काय आहे हें त्या वाचकास कळण्यास मार्ग उरत नाहीं.

आतां चित्र पानाच्या पोटांतच लिहिलें, म्हणजे दोन्ही टायटलें एकाच मजकुरांत येतात. तीं वेगळीं ओळखूं यावीं म्हणून त्याच संस्थेनें १४ जानेवारी १९९९ रोजीं ‘नेमस्पेस’ची योजना प्रसिद्ध केली. नेमस्पेस ह्यास आपण नामक्षेत्र म्हणूं. प्रत्येक नामक्षेत्रास एक लांबलचक नांव असतें, व तें बहुधा संकेतस्थळाच्या पत्त्यासारखें दिसतें. एक्सएचटीएमएलच्या नांवाच्या शेवटीं १९९९ व एक्सएचटीएमएल हे शब्द आहेत. एसव्हीजीच्या शेवटीं २००० व एसव्हीजी. हा पत्ता दिसतो खरा, परंतु तेथें जाऊन कांहीं आणावयाचें नसतें. दुसऱ्या कोणीं तेंच नांव घेऊं नये, एवढाच त्याचा हेतु. दोन नामक्षेत्रें एक आहेत कीं नाहींत, हें अक्षरास अक्षर लावून पाहतात. शेवटीं एक तिरकी रेघ अधिक पडली, किंवा आरंभीं ‘एचटीटीपी’ असतां कोणीं ‘एचटीटीपीएस’ लिहिलें, तर तें निराळेंच नामक्षेत्र ठरतें.

एवढें लांब नांव प्रत्येक घटकास जोडणें त्रासाचें. म्हणून त्यास एक आंखूड उपनांव देण्याची सोय आहे. त्यास उपसर्ग म्हणतात. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. आपल्या घरोघरीं कोणास तरी ‘दादा’ म्हणतात. परंतु एका घरांतील दादा तो दुसऱ्या घरांतील दादा नव्हे. आणि एकाच माणसास घरीं दादा, तर मामाच्या घरीं बाळू म्हणत असले, तरी माणूस बदलत नाहीं. उपसर्गाचें तसेंच आहे. तो त्या मजकुरापुरता असतो. खरी ओळख त्याच्यामागील लांब नांवानें होते.

उपसर्गाशिवायहि चालतें. एखाद्या घटकावर ‘येथून पुढें आंतील सर्व अमुक नामक्षेत्राचे’ अशी एकदां घोषणा केली, कीं आंतील उपसर्गरहित घटक त्या नामक्षेत्राचे होतात. आंत दुसरी घोषणा आली, तर तिच्या पोटांतील घटकांपुरती तीच चालते. घरांतील मंडळी एकमेकांस आडनांवानें हांका मारीत नाहींत, म्हणून त्यांस आडनांवच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं, तसेंच हें. मात्र ही घोषणा घटकांपुरती आहे. खुणेंत लिहिलेले गुणधर्म, जसे उंची किंवा रंग, उपसर्गावांचून असले तर ते कोणत्याच नामक्षेत्रांत मोडत नाहींत.

आतां खरी परीक्षा. समजा, जलचक्रावर एक पान लिहिलें आहे. त्यांत दोन चित्रें आहेत. पहिल्यास ‘समुद्राच्या पाण्याची वाफ’ असें टायटल आहे. डोंगरावरील पावसाच्या दुसऱ्या चित्रास नांव द्यावयाचें राहून गेलें आहे. पानाचें स्वतःचें शीर्षक आहेच. ‘सर्व चित्रांस नांवें आहेत काय?’ हें प्रोग्रॅमकडून तपासून घ्यावयाचें आहे. विद्यार्थी पायथन भाषेंतील एलिमेंटट्री ह्या साधनास सांगतो, ‘टायटल नांवाचे सर्व घटक दे.’ उत्तर येतें: एकहि नाहीं! डोळ्यांस दोन दिसत असतां यंत्रास एकहि दिसत नाहीं, आणि तें चूक झाल्याचेंहि सांगत नाहीं. कारण नुसतें ‘टायटल’ ह्याचा अर्थ ‘कोणत्याहि नामक्षेत्रांत नसलेलें टायटल’ असा होतो, आणि तसें तेथें खरोखरच नाहीं. एक्सपाथ ह्या शोधभाषेच्या १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तींत हाच नियम आहे. मजकुरांतील घोषणा मजकुरापुरती असते. ती शोधणाऱ्याच्या प्रश्नास आपोआप लागू होत नाहीं.

अशा वेळीं पुष्कळ जण एक आडवाट धरतात. नामक्षेत्र कोणतेंहि असो, नांव तेवढें जुळलें म्हणजे झालें, असा शोध एक्सपाथमध्यें व पायथनच्या नव्या आवृत्त्यांत करतां येतो. तो केला कीं उत्तर येतें: दोन. चित्रें दोन, टायटलें दोन, सर्व ठीक! परंतु त्यांतील एक टायटल पानाचें आहे, आणि पावसाचें चित्र अनामिकच राहिलें आहे. पहिलें उत्तर निदान संशय तरी उत्पन्न करतें. हें दुसरें उत्तर समाधान करून फसवितें, म्हणून तें अधिक घातक होय.

सरळ वाट अशी. शोध करतांना उपसर्ग व लांब नांव ह्यांची एक लहानशी यादी आपणच यंत्रास द्यावी: ‘च’ म्हणजे एसव्हीजीचें नामक्षेत्र. मग ‘च’च्या एसव्हीजी नांवाचे सर्व घटक मागावे, तीं चित्रें दोन मिळतील. नंतर प्रत्येक चित्राच्या थेट पोटांत ‘च’चें टायटल आहे काय, हें विचारावें. पहिल्यांत सांपडेल, दुसऱ्यांत सांपडणार नाहीं, आणि कोणत्या चित्रास नांव द्यावयाचें हें कळेल. मजकूर लिहिणाऱ्यानें कोणता उपसर्ग वापरला होता, किंवा मुळींच वापरला नव्हता, ह्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. यादींत नसलेला उपसर्ग प्रश्नांत आला, तर एलिमेंटट्री लगेच तक्रार करतें. तेंहि आपल्या हिताचेंच. मजकूर पुन्हां लिहून काढतांना तें जुन्या उपसर्गांच्या जागीं ‘एनएस’ व एखादा आंकडा घालतें, त्यानें घाबरूं नये. लांब नांव तेंच असल्यामुळें अर्थ बदलत नाहीं. जावा भाषेंत काम करणाऱ्यांनीं आणखी एक जपावें: तेथील डॉक्युमेंट-बिल्डर-फॅक्टरीस नामक्षेत्रांची दखल घेण्यास आरंभींच सांगावें लागतें, एरवीं ती घेत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र खोटें बोलत नाहीं. परंतु जें विचारलें तेवढ्याचेंच उत्तर देतें. ‘कांहीं सांपडलें नाहीं’ आणि ‘कांहीं नाहींच’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत. म्हणून उत्तर शून्य आलें किंवा मनाजोगें आलें, तरी मूळ मजकूर एकवार उघडून पाहावा, हातानें मोजावा, आणि आपण कोणत्या घराण्याचें नांव विचारलें होतें हें तपासावें. एवढी तसदी घेतली, तर पावसाच्या त्या चित्रास नांव मिळेल, आणि ज्यास तें डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं अशा वाचकासहि त्या चित्रांत डोंगर व पाऊस आहे हें समजेल.