दरीतलं गाव, गावाचं धन

मुलं कामासाठी बाहेर पडतात, परत येत नाहीत, एकेका घराला कुलूप लागतं. ही व्यथा फक्त आपल्याकडची नाही. आज आम्ही आयर्लंड देशातल्या ग्लेनकोलमकिल या लहानशा गावाची माहिती सांगणार आहोत.

ग्लेन म्हणजे दरी आणि कोलमकिल हे सहाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती संताचं नाव. डोनेगल जिल्ह्यात डोंगर आणि अटलांटिक महासागर यांच्यामध्ये हे गाव वसलं आहे. दरवर्षी ९ जूनला, संताच्या दिवशी, लोक दरीतल्या १५ ठिकाणी थांबत, प्रार्थना करत फेरी पूर्ण करतात. जुन्या रीतीनं ती अनवाणी करायची असते. आपल्याला वारीची, प्रदक्षिणेची आठवण यावी अशीच ही प्रथा!

जमीन खडकाळ, हवा दमट. घरं बुटकी, जाड दगडी भिंतींची. समुद्रावरचा वारा छप्पर उडवून नेऊ नये म्हणून गवती छपरावरून दोर टाकून ते भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधत. जळणाला लाकूड कमी, म्हणून दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत घालत. बायका घरकाम सांभाळून लोकर विणत.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं पोट बटाट्यावरच होतं. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली, तितकीच देश सोडून गेली. पुढेही डोनेगलची माणसं बटाटे काढायला हंगामापुरती स्कॉटलंडला जात. आपल्याकडे ऊसतोडीला जातात, तशीच.

१९५१ साली जेम्स मॅकडायर हे धर्मगुरू इथं आले. गाव रिकामं होताना पाहून त्यांनी लोकांना एकत्र केलं. आधी श्रमदानातून समाजमंदिर उभं राहिलं. वीज, पाणी यांसाठी पाठपुरावा झाला. मग भाजी प्रक्रिया, विणकाम यांच्या सहकारी संस्था निघाल्या. सगळेच उद्योग टिकले नाहीत, भाजीचा उद्योग पुढे बंद पडला. पण लोकांना एकत्र काम करायची सवय लागली होती.

१९६७ साली गावकऱ्यांनी तीन वेगवेगळ्या शतकांतली घरं जशीच्या तशी उभारून त्यांत जुनी भांडी, अवजारं मांडली. हे लोकग्राम पाहायला आजही पाहुणे येतात. १९८४ पासून इथं एक संस्था मोठ्या माणसांना आयरिश भाषा शिकवते. त्यासाठी परदेशातूनही विद्यार्थी येतात.

मैत्रिणींनो, गवती छप्पर, विणकाम, घरातली बोली ही एकेकाळी गरिबीची खूण वाटायची. त्याच गोष्टींनी पुढे गावात माणसं आणली, रोजगार आणला. तरुणांचं बाहेर जाणं पूर्ण थांबलं नाही, पण गाव ओसही पडलं नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गावात काय नाही, याची यादी आपल्याला पाठ आहे. काय आहे, याची यादी एकदा लिहून पाहा. आजीबाईंना आधी विचारा.