मॉर्मनांचीं सुवर्णपत्रें आणि देवळीचा ताम्रपट

वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें सांपडलेला, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ चा ताम्रपट वाचकांस परिचितच आहे. अमेरिकेंत अशा धातुपत्रांच्या कथेवर एक धर्मपंथच उभा राहिला. न्यूयॉर्क संस्थानांतील जोसेफ स्मिथ यानें, देवदूतानें दाखविलेल्या टेकडींतून १८२७ सालीं आपणांस सुवर्णपत्रें मिळालीं असें सांगितलें, व त्यांचें भाषांतर म्हणून १८३० सालीं ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापिलें. पत्रें देवदूतानें परत नेलीं. अकरा जणांची साक्ष तेवढी ग्रंथांत आहे.

जेरुसलेमहून निघालेलें एक कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेंत वसलें, ही त्यांतील मुख्य कथा. कल्पना अगदींच नवी नव्हती. तेथील प्राचीन मातीचे ढिगारे कोणी रचिले याविषयीं तर्क चाललेच होते. मूळ रहिवासी इस्राएलाच्या हरवलेल्या शाखांचे वंशज होत, असें ईथन स्मिथ या पाद्र्यानें १८२३ सालींच लिहिलें होतें. नव्या भूमीस जुन्या पवित्र कुळाशीं जोडण्याची ही ओढ त्या श्रद्धेचें एक प्रमुख मूळ होय, असें आम्हांस वाटतें.

म्हणून कोणी हंसूं नये. देवळीचा पट अस्सल खराच; पण राष्ट्रकूटांचा वंश त्यांतही यदुकुळांतील सात्यकीच्या शाखेस जोडलेला आहे! कृष्णराजानें बंधु जगत्तुंग याच्या पुण्यार्थ नागपूर-नंदिवर्धन प्रदेशांतील गांव दान दिला, हें आम्ही बिनतक्रार मानतों. सात्यकीचा दाखला मात्र स्मिथाच्या साक्षीदारांशेजारींच ठेवितों.