धुराचं बिल कोण भरणार?

‘‘पीएच.डी.? कार्बन पकडायच्या धोरणावर? म्हणजे नक्की काय पकडतेस गं तू?’’

पवईतल्या कॅण्टीनमध्ये कटिंग घेताना मी माझ्या जुन्या रूममेटला विचारलं. ती खो-खो हसली. ‘‘धूर इंजिनीअर पकडतात. मी फक्त बिल कोण भरणार ते शोधतेय!’’

तिचा फंडा थोडक्यात असा. चिमणीतून जाणारा वायू अमाइन नावाच्या रसायनातून फिरवायचा. ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग तापवून तो वेगळा काढायचा, दाबायचा आणि जमिनीत खोल गाडायचा किंवा वापरायचा. कॅनडातल्या ‘बाउंडरी डॅम’ वीज केंद्रात २०१४ मध्ये हे सुरू झालं. म्हणजे तंत्र आहे. पण या सगळ्या खटाटोपात केंद्राची स्वतःचीच बरीच वीज खर्च होते. तीच वीज महाग होते. इथेच टेन्शन सुरू!

अमेरिकेतल्या टेक्सासचा ‘पेट्रा नोव्हा’ प्रकल्प घ्या. पकडलेला वायू तेलविहिरीत सोडून जास्त तेल काढायचं, असं त्याचं गणित. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि प्रकल्प बंद पडला. २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. धूर तोच, यंत्रंही तीच. बदलला तो फक्त भाव.

आणि आपण? २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत ‘नेट झिरो’चा शब्द दिला. नीती आयोगाचा कार्बन पकडण्यावरचा अहवाल २०२२ मध्ये आला. एनटीपीसीने विंध्याचलला दिवसाला २० टन पकडणारा प्रकल्प उभारला. ऐकायला सॉलिड वाटतं ना? आता हिशेब बघा : ५०० मेगावॉटचं कोळशावरचं एकच युनिट पूर्ण क्षमतेनं चाललं, तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास सोडतं!

अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यात गाडलेल्या प्रत्येक टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत ठेवली. आपल्याकडे कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना २०२३ मध्ये आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्सर्जनाची उद्दिष्टं ठरली, ती सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली उद्योगांना. कोळशावरची वीज त्या यादीत नव्हती. मग धूर पकडायचा तो कुणासाठी, कुणाच्या पैशानं? सरकारच्या, कंपनीच्या, की तुमच्या-माझ्या एसीच्या बिलातून? तिचा थिसिस याच प्रश्नाभोवती फिरतो.

‘‘पण हे कोळसा चालू ठेवायचं निमित्त तर नाही ना?’’ मी विचारलंच.

ती गप्प झाली. मैत्रीण चंद्रपूरकडची. बाबांची सगळी नोकरी वीज केंद्रात गेली. तिची इंजिनीअरिंगची फी कोळशावरच भरली गेली.

‘‘ती भीती मलाही वाटते,’’ ती म्हणाली. ‘‘नवीन वीज उन्हावर आणि वाऱ्यावरच यावी. पण आहेत त्या केंद्रांचं काय? ‘बंद करा’ म्हणणं पवईत सोपं आहे. दिवाळीत घरी जाऊन बाबांसमोर म्हणून दाखव.’’

तिचे बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, ‘‘काय गं, सापडला का धूर?’’

‘‘धूर सापडलाय, बाबा,’’ ती सांगते. ‘‘पैसे देणारा सापडत नाहीये.’’